आपली डिग्री सीमेपलीकडे चालते का?

फायनल इयर आलं की होस्टेलवर दोनच विषय उरतात. एक प्लेसमेंट आणि दुसरा "बाहेर जायचं का?" बाहेर म्हणजे कुणाला अमेरिका, कुणाला जर्मनी, आणि आपल्या रायगड-रत्नागिरीकडच्या बऱ्याच घरांना आखात. जीआरई, आयईएलटीएस, व्हिसा यांवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चर्चा रंगते. पण ज्या कागदाच्या जोरावर हे सगळं करायचं, त्या डिग्रीचं तिथे मोजमाप कोण करतं आणि कसं, हे फारसं कुणी विचारत नाही. या लेखात तेवढंच समजून घेऊ.

गेज एक, रेल्वे दोन

सुरुवात आपल्या रोजच्या पाहण्यातल्या गोष्टीने करू. पनवेल, पेण करत येणारी मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि तिथून पुढे कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. १९९८ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला. दोन्हींचा कारभार वेगळा, पण रोह्याला गाडी थांबवून माल दुसऱ्या डब्यांत भरावा लागत नाही. कारण दोन्हीकडे रुळांमधलं अंतर एकच, १६७६ मिलिमीटर.

राष्ट्रीय पात्रता आराखडा म्हणजे शिक्षणातलं असंच एक गेज. दहावी, आयटीआय, डिप्लोमा, डिग्री आणि कामावर मिळालेलं कौशल्यसुद्धा एकाच मापावर मांडायचं. यात नुसती वर्षं मोजायची नाहीत, तर "हा माणूस प्रत्यक्ष काय करू शकतो आणि किती जबाबदारी घेऊ शकतो" हे पाहायचं.

ऑस्ट्रेलियाने १९९५ पासून असा आराखडा लागू केला. दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी त्यासाठी कायदा केला. वर्णभेदाच्या राजवटीत ज्यांना शिकू दिलं गेलं नाही, त्यांच्या हातातलं काम कागदावर यावं हा तिथला एक मोठा हेतू होता. युरोपीय संघाने २००८ मध्ये आठ स्तरांचा आराखडा आणला. भारतात राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झाला. तेव्हा त्यात दहा स्तर होते, २०२३ मध्ये सुधारणा होऊन ते आठ झाले. त्याच वर्षी शालेय, उच्च आणि कौशल्य शिक्षणाला जोडणारा राष्ट्रीय क्रेडिट आराखडाही आला. त्यात दहावी म्हणजे स्तर ३, बारावी ४, चार वर्षांची पदवी ६ आणि पीएचडी ८. एका वर्षाला १२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट.

पेणचा कारागीर, धाटावचा ऑपरेटर

हे सगळं आपल्यासाठीच आहे असं समजू नका. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या गणपती घडतात आणि तिथल्या मूर्ती परदेशातही जातात. शाडूचं काम, साचा, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणाऱ्याचा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने बसलेला असतो. पण त्याच्याकडे कागद कोणता? बहुतेकांकडे काहीच नाही. मूर्ती समुद्रापार जाते, मूर्तिकाराची योग्यता मात्र घरीच राहते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत मूर्तिकार आणि कुंभार दोन्ही आहेत. त्यात ओळखपत्र, प्रमाणपत्र आणि थोडं प्रशिक्षण मिळतं. सुरुवात म्हणून हे ठीक आहे.

आता रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत चला. रसायनांच्या कारखान्यात दोन माणसं शेजारी शेजारी काम करतात असं समजा. एकाने आयटीआयमधून केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर हा ट्रेड केलाय, दुसरा हेल्पर म्हणून लागला आणि बघून बघून रिॲक्टर चालवायला शिकला. दहा वर्षांनी दोघांचं काम सारखंच, पण नोकरी बदलायची वेळ आली की दुसऱ्याची दहा वर्षं शून्य धरली जातात. यासाठी आराखड्यात "पूर्वशिक्षणाची मान्यता" ही सोय आहे. पुन्हा वर्गात न बसवता, जे येतं त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं. पण ही परीक्षा खरी झाली पाहिजे. दोन दिवसांत सरसकट सगळ्यांना पास केलं, तर मालक त्या कागदाकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि ज्याला खरंच काम येतं त्याचंच नुकसान होईल.

कुवेतचा धडा

आपल्याला वाटतं, आपल्याकडे तर युनिव्हर्सिटीची डिग्री आहे, आपल्याला काय भीती? २०१८ साली कुवेतमध्ये काय झालं ते पाहा. तिथल्या सरकारने नियम केला की इंजिनिअर म्हणून राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण करायचं तर कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचं ना-हरकत पत्र हवं. भारतीय पदवीच्या बाबतीत त्यांनी एनबीए, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनचं मानांकन पाहायला सुरुवात केली. अनेक वर्षं तिथे नोकरी करणारे इंजिनिअर अडकले. गंमत म्हणा की दुर्दैव, एनबीए स्थापन झालं १९९४ मध्ये. त्याआधी पास झालेल्याने मानांकन आणायचं कुठून? भारत सरकारला हा प्रश्न कुवेतपुढे मांडावा लागला. या इंजिनिअर मंडळींचं ज्ञान एका रात्रीत कमी झालं नव्हतं, पण त्यांचा कागद ओळखायची पद्धत बदलली होती.

इथे वॉशिंग्टन करार समजून घ्यायला हवा. १९८९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंड या सहा देशांच्या संस्थांनी ठरवलं की एकमेकांनी मानांकन दिलेले इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम समतुल्य मानायचे. एनबीएमार्फत भारत १३ जून २०१४ ला त्याचा पूर्ण सदस्य झाला. पण यातल्या तीन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. एक, मानांकन कॉलेजला नसतं, ब्रँचला असतं. मेकॅनिकलला असलं म्हणून सिव्हिलला असेलच असं नाही. (नॅक वेगळं, ते पूर्ण संस्थेचं.) दोन, ते ठरावीक वर्षांसाठीच असतं. तीन, हा करार टियर-१ अभ्यासक्रमांना, म्हणजे विद्यापीठांचे विभाग, स्वायत्त कॉलेजं वगैरेंना लागू झाला. संलग्न कॉलेजांसाठीचं टियर-२ मानांकन त्यात आलं नाही.

आणि एवढं सगळं असलं तरी तो परवाना नव्हे! रेल्वेचंच उदाहरण घ्या. गेज एक असलं तरी नव्या मार्गावर गाडी न्यायची तर चालकाला तो मार्ग आधी शिकावा लागतो. तसंच स्तर ६ आणि स्तर ६ जुळले म्हणून लगेच सही करायचा अधिकार मिळत नाही. अमेरिकेत प्रोफेशनल इंजिनिअर व्हायचं तर प्रत्येक राज्याचं परवाना मंडळ आहे, परीक्षा आहे, अनुभवाची अट आहे. जर्मनीत २०१२ पासून परकीय पात्रता तपासायचा कायदा आहे. तिथे तुमचं शिक्षण त्यांच्या व्यवसायाशी ताडून बघतात आणि काही भाग कमी पडला तर तेवढंच जादा प्रशिक्षण घ्यायला सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा आपल्या आयटीआयच्या मुलांसाठीही हा विषय महत्त्वाचा झाला.

मग आपण काय करायचं?

पहिलं, आपल्या ब्रँचचं मानांकन आहे का, कोणत्या टियरचं आणि कधीपर्यंत, हे ऑफिसात विचारा. विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

दुसरं, सिलॅबसची प्रत, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणि ट्रान्स्क्रिप्ट जपून ठेवा. परदेशात विचारतात, "या विषयात नक्की काय शिकलात?" दहा वर्षांनी जुना सिलॅबस शोधताना नाकीनऊ येतात. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे, त्यामुळे सदस्य देशांत कागद खरा असल्याचा शिक्का एकाच ठिकाणचा चालतो. पण तो शिक्का कागद खरा आहे एवढंच सांगतो, शिक्षण समतुल्य आहे असं नाही.

तिसरं जरा कडू आहे. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नासमोर सीओ-१, सीओ-२ छापलेलं असतं ना? आणि सेमिस्टरच्या शेवटी जो फॉर्म येतो, ज्यात आपण सगळीकडे "एक्सलंट"वर टिक करून मेसला पळतो? मानांकनाचा पाया तोच आहे: विद्यार्थ्याला काय करता येतं याचा पुरावा. आपण तो खोटा भरला, सरांनी तो तसाच पुढे पाठवला, आणि प्रॅक्टिकलची जर्नलं एकमेकांची उतरवली, तर कागदावर आपण स्तर ६ आणि हातात स्तर ३. पेणच्या कारागिराकडे कौशल्य आहे, कागद नाही. आपल्याकडे उद्या कागद असेल, तेव्हा कौशल्यही असलं पाहिजे.

या सेमिस्टरचा फॉर्म आला की निदान पाच मिनिटं बसून खरा भरा. जे शिकवलं गेलं नाही ते नाही म्हणून लिहा. सरांनीही ते मनावर घेऊ नये, कारण त्याचा उपयोग पुढच्या बॅचला होणार आहे.