रुंद चित्र, आखूड पडदा

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरत होते, तेव्हा आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत साठ-सत्तर मुले दाटीवाटीने बसली होती. समोर जुना, मागे भलीमोठी पाठ असलेला वीस इंची दूरचित्रवाणी संच होता. यान सुखरूप उतरले, टाळ्या झाल्या. पण मध्येच नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, चंद्र अंड्यासारखा का दिसतो?" कोणीतरी सेट-टॉप बॉक्सच्या बटणांशी खटपट केली. चंद्र गोल झाला, पण कडेची अक्षरे अर्धी कापली गेली. पुन्हा खटपट केली. आता सारे दिसू लागले, पण वर-खाली काळे पट्टे आले आणि मागच्या बाकांवरून "चित्र लहान झाले" अशी ओरड झाली.

यांतले बरोबर चित्र कोणते? यान उतरल्यानंतर आम्ही तो प्रश्न फळ्यावर घेतला.

जुन्या संचाच्या पडद्याची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर ४:३ असते. ते मूळचे चित्रपटाचे. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन याने ३५ मिलिमीटर फितीवर चित्राची जी चौकट ठरवली, तिचे हेच गुणोत्तर होते. दूरचित्रवाणीने ते उचलले, आणि काचेच्या नळीलाही ते सोयीचे होते. नळीच्या आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे बाहेरची हवा तिला सतत दाबत असते. वीस इंची पडद्यावर हा भार सुमारे १२०० किलोग्रॅम वजनाइतका होतो. असा भार सोसायला गोल आकार उत्तम. म्हणून सुरुवातीच्या नळ्यांचे तोंड गोलच होते. लांबट पट्टीसारखा पडदा काचेत घडवणे त्याहून अवघड.

हाय-डेफिनिशन चित्राचे गुणोत्तर मात्र १६:९ आहे. आता वीस इंची संच घ्या. वीस इंच हा कर्ण, म्हणून ३, ४, ५ च्या त्रिकोणाप्रमाणे पडदा १६ इंच रुंद आणि १२ इंच उंच झाला. (काच कडेला चौकटीत थोडी झाकलेली असते, ते तूर्त सोडून देऊ.) या १६ इंच रुंदीत १६:९ चे चित्र पूर्ण बसवले तर त्याची उंची ९ इंच भरते. उरलेले ३ इंच रिकामे, म्हणजे वर दीड आणि खाली दीड इंचाचा काळा पट्टा. संच बिघडलेला नसतो. तिथे दाखवायला चित्रच नसते. या पद्धतीला लेटरबॉक्स म्हणतात. पडद्याचा चौथा हिस्सा वाया जातो, पण चित्रातले काही जात नाही आणि चंद्र गोल राहतो.

दुसरी पद्धत कापण्याची. १२ इंच उंची पूर्ण वापरायची तर चित्राची रुंदी २१ इंचांच्या वर जाते. पडदा १६ इंचच, म्हणून दोन्ही कडांचा एक-एक अष्टमांश भाग टाकून द्यावा लागतो. क्रिकेटचा सामना पाहताना धावफलक नेमका त्याच कोपऱ्यात असेल तर घरात भांडण ठरलेले!

तिसरी पद्धत दाबण्याची, आणि आमचा चंद्र तिनेच अंड्यासारखा केला होता. येथे सगळे चित्र रुंदीत तीन-चतुर्थांश आक्रसून पडदा भरतात. १२ सेंटिमीटर उंचीचे वर्तुळ फक्त ९ सेंटिमीटर रुंद दिसते. हे असे का घडते? सेट-टॉप बॉक्सला आपण कोणत्या आकाराच्या संचाला जोडलेलो आहोत हे त्या पिवळ्या तारेतून कळत नाही, कारण तीमधून संदेश एकाच दिशेने जातो. यादीत रुंद संच निवडलेला असेल तर बॉक्स आक्रसलेले चित्र पाठवतो. रुंद संच ते ताणून पूर्ववत करतो, जुना संच आहे तसेच दाखवतो.

सिनेमास्कोपची युक्ती हीच होती. फ्रान्सच्या आंरी क्रेत्यां यांच्या भिंगाने रुंद दृश्य साध्या फितीवर निम्म्या रुंदीत दाबून घेत, आणि चित्रगृहातले भिंग ते पुन्हा पसरत असे. १९५३ मध्ये 'द रोब' हा असा पहिला चित्रपट आला. आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्त यांनी 'कागज़ के फूल' सिनेमास्कोपमध्ये काढला. दाबणारे भिंग आहे पण पसरणारे नाही, अशी आमच्या प्रयोगशाळेतली स्थिती होती.

मग लेटरबॉक्स घेतल्यावर काहीच गमावले नाही काय? गमावले, पण ते आकारात नव्हे, बारकाव्यात. आपल्याकडील जुन्या पद्धतीत एका चित्राला ६२५ रेषा असतात, त्यांपैकी ५७६ रेषांवर प्रत्यक्ष चित्र असते. पट्ट्यांनी चौथा हिस्सा घेतला की चित्राला ४३२ रेषा उरतात. आडव्या दिशेने पाहू. एक रेषा उमटायला ५२ मायक्रोसेकंद लागतात, आणि त्या पद्धतीत चित्रासाठी ५ मेगाहर्ट्झपर्यंतची वारंवारता मिळते. ५२ × ५ = २६० आवर्तने, म्हणजे उजेड-काळोखाचे जास्तीत जास्त ५२० ठिपके. ५२० × ४३२ म्हणजे सुमारे सव्वादोन लाख. मूळ चित्रात १९२० × १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके होते. नवव्या हिश्शाच्या आसपास उरले! तरीही हे चित्र नेहमीच्या चित्राहून स्वच्छ वाटते, कारण पुष्कळ ठिपक्यांची सरासरी घेऊन एक ठिपका बनतो आणि खरखर कमी होते.

नळीच्या काही उत्तरकालीन संचांत यावर फार सुंदर तोड होती. इलेक्ट्रॉनांचा झोत वर-खाली वळवणाऱ्या वेटोळ्यातील प्रवाह तीन-चतुर्थांश केला की सर्व ५७६ रेषा मधल्या ९ इंचांतच दाटीने उमटतात. अशा संचाला बॉक्सने दाबलेले चित्र पाठवायचे. झोत ते उभ्या दिशेनेही तितकेच दाबतो, वर्तुळ पुन्हा गोल होते, आणि पट्टे असूनही एकही रेषा वाया जात नाही. तुमच्या संचाच्या यादीत १६:९ असे लिहिलेले असेल तर हे अवश्य करून पाहा.

१६:९ हेच गुणोत्तर का, हेही मुलांनी विचारले. १९८० च्या दशकात अमेरिकेतील केर्न्स पॉवर्स या अभियंत्याने प्रचलित सर्व गुणोत्तरांचे, पण समान क्षेत्रफळाचे आयत कापून एकमेकांवर ठेवले. त्या सर्वांना सामावणाऱ्या आयताचे गुणोत्तर १.७७ च्या जवळ आले. १.३३ आणि २.३५ यांचा भूमितीमध्य काढा, तोही १.७७ येतो. शिवाय ४/३ चा वर्ग १६/९ आहे, आणि घन ६४/२७ म्हणजे २.३७, जवळजवळ सिनेमास्कोपच. पुठ्ठ्याचे आयत कापून हा प्रयोग वर्गात सहज होतो.

एक शेवटचे कोडे आमच्या मुलांनी स्वतः शोधले. जुना ४:३ चा चित्रपट हाय-डेफिनिशन वाहिनीवर लागला, की प्रक्षेपक त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना पट्टे लावतो. मग आपला बॉक्स वर-खाली पट्टे लावतो. चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत अडकते आणि पडद्याचा ३/४ × ३/४ म्हणजे ९/१६ भागच व्यापते. पडदाही ४:३, चित्रही ४:३, तरी जवळजवळ निम्मी काच काळी! अशा वेळी मात्र बॉक्स खुशाल कापण्याच्या पद्धतीवर ठेवावा. कापले जातात ते नुसते पट्टेच.