आधी शेतकरी, मग यंत्र

स्लाउ, लेस्टर, मिल्टन कीन्स, बर्मिंगहॅम. इंग्लंडात पंधरा-वीस वर्षं मुरलेल्या मराठी घरांकडे नवीन आलेली मंडळी घरभाडं, मुलांची शाळा आणि चांगल्या कढीपत्त्याचं दुकान विचारायला येतात. पहिला हिवाळा सरला की एखादा जरा दबकतच विचारतो, "इथे म्हणे शेतात रोमन नाणी सापडतात?" सापडतात. कायद्याच्या भाषेत 'ट्रेझर' ठरू शकतील अशा हजाराहून अधिक शोधांची नोंद दरवर्षी होते आणि त्यांतले बहुतेक मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांचे असतात. आपल्याकडे गुप्तधन पायाळू माणसालाच दिसतं म्हणतात. इथे पायाळू असण्याची अट नाही, पण इतर अटी पुष्कळ आहेत. जुनी मंडळी त्या सांगतात आणि क्रमही सांगतात: यंत्राची खरेदी शेवटी.

इंग्लंडात मोकळी दिसणारी प्रत्येक जमीन कुणाच्या तरी मालकीची आहे. चालायला वाट खुली आहे म्हणजे खणायलाही मुभा आहे, असं नाही. बागा आणि मैदानं बहुधा कौन्सिलची असतात, तिथेही विचारावंच लागतं. शेतात जायचं तर जमीनमालकाची परवानगी हवी, तीही लेखी. नवखा इथेच फसतो, कारण शेतात ट्रॅक्टर चालवणारा माणूस अनेकदा भाडेकरू असतो. स्विंडनच्या एका काकूंनी आपल्या भाच्याला हे एका वाक्यात समजावलं: "अरे, कूळ 'हो' म्हणालं म्हणून फावडं घेऊन धावू नकोस, मालक कोण ते आधी विचार." दोघांची संमती घ्यावी आणि जे निघेल त्याच्या वाटणीचं काय, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावं. रिवाज निम्म्या-निम्म्याचा आहे.

परवानगी मिळवायची कशी? ईमेलला शेतकरी सहसा उत्तर देत नाहीत. दार वाजवावं, स्वतः कोण ते सांगावं, विम्याचा कागद दाखवावा. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्यांची वीण चालू असते, तेव्हा जाऊ नये. 'नाही' म्हणाले तर आभार मानून निघावं. 'नाही'च जास्त वेळा ऐकू येतं, हे घरून निघतानाच धरून चालावं. विमा नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग या संघटनेच्या सदस्यत्वासोबत मिळतो. दुसऱ्याच्या मालमत्तेला किंवा माणसाला इजा झाली तर १ कोटी पौंडांपर्यंत संरक्षण असतं. हे सगळं जड वाटत असेल तर स्थानिक क्लबात नाव घालावं. परवानगी क्लबने आधीच काढलेली असते, रविवारी शुल्क भरून सगळ्यांबरोबर उतरायचं. क्लबात आपण एकटेच सावळे असू, ही धास्ती पुष्कळांना असते. ती सहसा पहिल्या चहापर्यंतच टिकते. मातीत काय निघालं हे दाखवायला प्रत्येकजण इतका उतावीळ असतो, की समोरचा कुठून आला हे विचारायला कुणाला सवड नसते.

कायदा मात्र पाठच करावा. ट्रेझर अॅक्ट १९९६ चा, अंमलात आला सप्टेंबर १९९७ मध्ये. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला तो लागू आहे. तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकाच ठेव्यातली असतील, तर तो ट्रेझर. तांब्या-पितळेची असतील तर दहा नाणी लागतात. एकटंदुकटं नाणं सहसा यात येत नाही. २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये दोनशे वर्षांहून जुन्या, इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही यात घेतल्या आहेत. शोध लागल्यापासून, किंवा तो ट्रेझर असू शकतो हे लक्षात आल्यापासून, चौदा दिवसांत कोरोनर या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला कळवायचं. प्रत्यक्षात हे काम जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरमार्फत होतं. ब्रिटिश म्युझियमच्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे हे अधिकारी एकेकट्या, ट्रेझर नसलेल्या नाण्याचीही नोंद घेतात, ओळखून देतात आणि परत करतात. त्यांच्याशी ओळख करून घेणं हा या छंदातला सर्वांत फायद्याचा भाग आहे, आणि तो फुकट आहे.

लपवाछपवीचं काय होतं, त्याचं उदाहरण हेरफर्डशरमध्ये आहे. २०१५ मध्ये लेम्स्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज आहे. त्यांनी ती कळवण्याऐवजी विकायला काढली. पोलिसांच्या हाती लागली ती ३१. २०१९ मध्ये दोघांना दहा आणि साडेआठ वर्षांची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. नाण्यांत आल्फ्रेड राजा आणि मर्सियाचा केओलवुल्फ दुसरा यांना शेजारी दाखवणारी नाणी होती. इतिहासातला एक जवळपास पुसलेला राजा त्यातून पुन्हा दिसू लागला. व्हिसावर राहणाऱ्याने वेगळा हिशेबही करावा: फौजदारी गुन्ह्याची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते. त्याच कारणाने 'शेड्युल्ड मॉन्युमेंट' म्हणून जाहीर झालेल्या जागेवर यंत्र चालू करायचंच नाही. १९७९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, शेतकरी 'हो' म्हणाला तरी. कोणतं शेत त्या यादीत आहे, ते हिस्टॉरिक इंग्लंडच्या नकाशावर बसल्या जागी पाहता येतं.

आता यंत्र. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, धातूत छोटे भोवरा-प्रवाह उठतात आणि त्यांचं क्षेत्र कॉइलच परत टिपते. साधी यंत्रं ३ ते ३० किलोहर्ट्झमध्ये चालतात. काही नवी यंत्रं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतात. सुरुवातीला काही शे पौंडांचं यंत्र पुरतं. सोबत हातात धरायचा पिनपॉइंटर घ्यावा, नाहीतर मातीच्या ढेकळात नाणं शोधताना अंधार पडतो. पडद्यावर आकडा येतो: लोखंडाचा खाली, चांदीचा वर. सोन्याचा आकडा मात्र बऱ्याचदा चॉकलेटच्या चांदीशी आणि कॅनच्या कडीशी जुळतो. त्यामुळे कडी-कचरा गाळायची सेटिंग लावली की सोनंही गाळलं जातं. जुने लोक म्हणून पहिल्या हंगामात सगळं खणायला लावतात. कचरा पिशवीत भरून घरी न्यायचा. शेतकऱ्याला नाण्यापेक्षा ती पिशवी जास्त आवडते.

उत्तम काळ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, कापणीनंतर शेतात नुसती धसकटं उरलेली असतात तेव्हा, किंवा नांगरट होऊन पाऊस पडून गेल्यावर. गवताळ रानात गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उघडायचा, काम झालं की पायाने दाबून बसवायचा. फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं.

आणि निघतं काय? बहुतेकदा बटणं, काडतुसांची पितळी टोपी, शिशाचे तुकडे. नाण्यांत १८६० नंतरच्या ब्राँझ पेनी खूप. १९२० पूर्वीची चांदीची नाणी ९२.५ टक्के चांदीची, १९२० ते १९४६ ची निम्म्या चांदीची, १९४७ पासून चांदी नाहीच. जरा नशीब असेल तर हातोडीने ठोकलेली मध्ययुगीन पेनी. सुट्ट्यासाठी तिचे कातरून दोन किंवा चार तुकडे करायचे, एडवर्ड पहिल्याने १२७९ च्या सुमारास गोल अर्धी आणि पाव पेनी काढेपर्यंत. तसा तुकडा नखाएवढा असतो आणि यंत्र जेमतेम कुजबुजतं. १७९७ ची 'कार्टव्हील' पेनी मात्र एक औंस वजनाची, तिचा आवाज चुकत नाही. ती बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडली. त्याच टांकसाळीने १७९१ आणि १७९४ मध्ये मुंबई इलाख्यासाठी तराजूचं चित्र असलेले तांब्याचे पैसे पाडून बोटीने धाडले होते. पुण्यात शनिवारवाड्यावर सवाई माधवराव होते, तो हा काळ.

नाणं घासायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट तर मुळीच नाही. तांब्यावरचा हिरवट थर गेला की किंमतही जाते आणि ओळखही. पाण्याने माती सैल करावी, बाकी जाणकारावर सोडावं.

मोठं काही लागलं तर हात थांबवावा, हे सांगणं सोपं आहे आणि करणं अवघड. सफोकमध्ये हॉक्सन इथे नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉज शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. त्यांना जवळपास पंधरा हजार रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने लागले. त्यांनी खणणं थांबवून कळवलं. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं, ते त्यांनी शेतकऱ्यासोबत वाटून घेतलं. हातोडाही सापडला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ २०१० च्या एप्रिलमध्ये डेव्ह क्रिस्प यांना मडक्याचं तोंड दिसलं आणि त्यांनी बाकीचं पुरातत्त्ववाल्यांवर सोडलं. मडक्यात ५२,५०३ नाणी होती, सुमारे १६० किलो. पुरातत्त्ववाल्यांनी ती थराथराने काढली, म्हणून कळलं की कॅरॉसियस या बंडखोर सम्राटाची, म्हणजे त्यातली सर्वांत नवी, नाणी वर नव्हे, बरीच खोल होती. म्हणजे वर्षानुवर्षं थोडंथोडं टाकलेलं हे बचतीचं मडकं नसावं, एकदाच भरलेलं असावं. घाईने सगळं बादलीत ओतलं असतं तर हा प्रश्नच कुणाला सुचला नसता.

सुट्टीवर निघताना सीमा ध्यानात घ्याव्यात. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या पुरातन वस्तूंवर राजसत्तेचा हक्क असतो आणि त्या ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवायच्या असतात. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सरकारी संमतीविना पुरातन वस्तूंसाठी यंत्र वापरणं गुन्हा आहे. थेम्सच्या काठावर पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो. आजीला भेट म्हणून सापडलेलं नाणं सुटकेसमध्ये घालायचं असेल तर आधी लायझन ऑफिसरला विचारावं, कारण ब्रिटनच्या मातीतली पन्नास वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू बाहेर नेण्यासाठी निर्यात परवान्याचे नियम आहेत.

यंत्र भारतात नेऊ का, हा प्रश्न दर दिवाळीला येतो. २०२५ च्या मार्चमध्ये, 'छावा' पडद्यावर आल्यानंतर, बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन मोगलांचं सोनं खणत होते. शेवटी पोलिसांना यावं लागलं. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही गाडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यावर तर खणायचाच प्रश्न नाही. शिवराई पाहायची असेल तर संग्रहालयं आहेत. डिटेक्टर स्विंडनच्या माळ्यावरच ठेवावा.