मशीन कंपनीचं, पण भरवसा कोणाचा?

कॉम्प्युटर कंपनी बनवते, पण तो विकत का घ्यायचा याचं कारण बऱ्याचदा दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं असतं. हा दुसरा म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपर, म्हणजे उद्याचे आपणच! कंपन्या त्याला कशा जिंकतात आणि कशा गमावतात, ते तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिलं उदाहरण १९७७ च्या अ‍ॅपल टू चं. झाकण हाताने उघडायचं, आत आठ स्लॉट, आणि सर्किटची आकृतीसुद्धा मॅन्युअलमध्ये छापलेली. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजीकॅल्क हे पर्सनल कॉम्प्युटरवरचं पहिलं स्प्रेडशीट याच मशीनवर आणलं. कितीतरी लोकांनी केवळ त्यासाठी अ‍ॅपल टू घेतला. अ‍ॅपलने ते लिहिलं नव्हतं, फक्त दार उघडं ठेवलं होतं.

दुसरं उदाहरण बरोबर उलटं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ९९/४ए मध्ये १९८१ सालीच १६ बिटचा प्रोसेसर होता. पण सॉफ्टवेअरची कमाई कंपनीला स्वतःकडेच हवी होती. बाहेरच्यांना पुरेशी माहिती मिळेना. १९८३ मध्ये तर मशीनमध्ये असा बदल केला की इतरांच्या रॉम कार्ट्रिज चालेनात. त्यात कमोडोरशी किमतीचं युद्ध पेटलेलं. मशीन तोट्यात, सॉफ्टवेअर मोजकं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने होम कॉम्प्युटरचा धंदा सोडल्याचं जाहीर केलं.

तिसऱ्या उदाहरणात पुन्हा अ‍ॅपलच आहे. १९९७ मध्ये कंपनी म्हणाली, नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पूर्ण फायदा हवा तर प्रोग्राम नव्याने लिहा. अडोबी, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या बड्या कंपन्या तयार होईनात. कोण पुन्हा लिहिणार लाखो ओळी? शेवटी १९९८ मध्ये अ‍ॅपलने कार्बन आणलं. जुना कोड थोडाफार बदलून नव्या सिस्टिमवर नेता येऊ लागला, आणि २००१ मध्ये मॅक ओएस टेन बाजारात आलं. पण २००७ मध्ये ६४ बिट कार्बनचा बेत अ‍ॅपलने अचानक रद्द केला. परिणाम असा की २००८ चं ६४ बिट फोटोशॉप फक्त विंडोजवर आलं. मॅकवाल्यांना २०१० पर्यंत थांबावं लागलं.

तात्पर्य काय? डेव्हलपर तीन गोष्टी बघतो. माहिती मोकळेपणाने मिळते का? आपल्या मेहनतीचे पैसे आपल्याला मिळतात का? आणि आज शिकलेलं पाच वर्षांनी चालेल का? नुसता वेगवान प्रोसेसर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

आपणही नाइट मारून एखादा प्लॅटफॉर्म शिकतो, तेव्हा खर्च होतो तो आपला वेळ, आणि तो कुठलीच कंपनी परत देत नाही. म्हणून फायनल इयरचं प्रोजेक्ट निवडताना फीचर्सच्या यादीआधी हे तीन प्रश्न विचारा. आणि उद्या कंपनी तुमची असेल, तर त्यांची उत्तरं तयार ठेवा, बरं का!