पश्चिम सहाराचा प्रश्न आणि आफ्रिकी राष्ट्रांची संघटना

आफ्रिका खंडाच्या वायव्येस, अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यालगत, सुमारे २ लाख ६६ हजार चौरस किलोमीटरांचा एक वाळवंटी प्रदेश आहे. पाऊस नाममात्र आणि वस्ती विरळ. परंतु बू क्रा येथे फॉस्फेटच्या खाणी आहेत आणि किनाऱ्यावर मासळी विपुल आहे. १८८४ पासून स्पेनच्या ताब्यात असलेल्या या पश्चिम सहाराच्या स्वामित्वाचा वाद स्पॅनिश सत्ता जाऊन पाच दशके लोटली तरी मिटलेला नाही. आफ्रिकी राष्ट्रांच्या संघटनेने तो कसा हाताळला हे अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्यात तिच्या मूळ तत्त्वाचीच कसोटी लागली.

१९६३ मध्ये आदिस अबाबा येथे आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी कैरो येथे तिने असा ठराव केला की, स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी असलेल्या सरहद्दी सर्व सभासदांनी मान्य कराव्यात. या सरहद्दी युरोपीय सत्तांनी आपल्या सोयीने आखलेल्या होत्या, हे सर्वजण जाणून होते. तरीही एका बांधाला हात लावला की साऱ्या शिवारात कज्जे उभे राहतात, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. मोरोक्कोची भूमिका मात्र निराळी होती. वसाहतपूर्व काळी या भागातील टोळ्या आपल्या सुलतानाशी एकनिष्ठ होत्या, म्हणून हा प्रदेश आपलाच, असा त्याचा दावा होता.

१६ ऑक्टोबर १९७५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपले मत दिले. काही टोळ्यांचे सुलतानाशी निष्ठेचे संबंध होते, परंतु त्यांवरून प्रादेशिक सार्वभौमत्व सिद्ध होत नाही आणि तेथील जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क अबाधित राहतो, असा त्याचा आशय होता. मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी निष्ठेचा भाग उचलून धरला आणि ६ नोव्हेंबर रोजी सुमारे साडेतीन लाख निःशस्त्र नागरिकांचा ‘हरित मोर्चा’ सरहद्दीपार नेला. आठवड्याभरातच स्पेनने माद्रिद येथे करार करून प्रदेशाचा कारभार मोरोक्को व मॉरिटानिया यांच्या हाती सोपविण्याचे मान्य केले. स्वातंत्र्यवादी पोलिसारियो आघाडीने अल्जीरियाच्या पाठिंब्याने लढा चालू ठेवला व २७ फेब्रुवारी १९७६ रोजी सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा केली. १९७९ मध्ये मॉरिटानियाने माघार घेतली.

संघटनेपुढे आता पेच उभा राहिला. १९८१ च्या नैरोबी परिषदेत राजे हसन यांनी सार्वमताला संमती दिली. परंतु १९८२ च्या फेब्रुवारीत, ५० पैकी २६ सभासदांनी मान्यता दिली आहे या आधारावर, सहरावी प्रजासत्ताकास संघटनेत प्रवेश देण्यात आला. साध्या बहुमताने प्रवेश हा सनदेतील नियम होता. नियमाच्या दृष्टीने हे बरोबर असले तरी १९ राष्ट्रे सभात्याग करून गेली. त्याच वर्षी त्रिपोली येथील शिखर परिषद गणपूर्तीअभावी भरू शकली नाही. १९८३ मध्ये संघटनेने मोरोक्को व पोलिसारियो या दोन्ही पक्षांची नावे घेऊन त्यांनी थेट वाटाघाटी कराव्यात, असा ठराव केला. आमच्या मते संघटनेचे या प्रश्नातील सर्वांत मोलाचे कार्य हेच होय. पण १९८४ च्या परिषदेत सहरावी प्रतिनिधी आसनस्थ होताच मोरोक्कोने संघटना सोडली आणि जो पक्ष वाटाघाटींस बसावयाचा तोच सभागृहाबाहेर गेला. भारताने १९८५ मध्ये या प्रजासत्ताकास मान्यता दिली होती. ती २००० मध्ये मागे घेतली.

पुढाकार यथावकाश संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेला. ६ सप्टेंबर १९९१ पासून शस्त्रसंधी अमलात आली. सार्वमत १९९२ च्या जानेवारीत व्हावयाचे होते. ते अडले मतदारयादीवर. १९७४ च्या स्पॅनिश शिरगणतीत सुमारे ७४ हजार लोक नोंदले गेले होते. पोलिसारियोस तीच नोंद आधारभूत हवी होती, तर मोरोक्कोस दक्षिण मोरोक्कोत येऊन राहिलेल्या टोळ्यांचाही समावेश हवा होता. आज येथे तर उद्या तेथे तंबू ठोकणाऱ्या माणसाचा रहिवास कोणत्या कागदावरून ठरवावा? मतदारयाद्यांचे काम केलेल्या शिक्षकांना ही अडचण सहज उमजेल. तात्पुरत्या यादीत सुमारे ८६ हजार नावे आली आणि तिच्याविरुद्ध १ लाख ३० हजारांहून अधिक अपिले दाखल झाली. सार्वमत झालेच नाही.

२००२ मध्ये जुन्या संघटनेची जागा आफ्रिकी संघाने घेतली. सरहद्दींचे तत्त्व त्याच्या घटनेतही कायम राहिले आणि सहरावी प्रजासत्ताक त्याचे संस्थापक सभासद ठरले. २०१७ च्या जानेवारीत मोरोक्को परतला. त्याला प्रवेश देताना सहरावी सभासदत्वास धक्का लावण्यात आला नाही. मात्र दुसऱ्याच वर्षी नुआकशॉट येथे संघाने आपली भूमिका राष्ट्रसंघाच्या प्रयत्नांना साह्य करण्यापुरती मर्यादित केली. १९८४ मध्ये तत्त्व राखले, पण सभासद गमावला. २०१७ नंतर सभासद मिळाला, पण आवाज क्षीण झाला.

२०२० च्या नोव्हेंबरात गर्गरात येथील चकमकीनंतर पोलिसारियोने शस्त्रसंधी संपल्याचे जाहीर केले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा समितीने मोरोक्कोच्या २००७ च्या स्वायत्तता योजनेस वाटाघाटींचा पाया मानणारा ठराव ११ मतांनी संमत केला. रशिया, चीन व पाकिस्तान तटस्थ राहिले, तर अल्जीरियाने मतदानात भागच घेतला नाही. त्या ठरावातही स्वयंनिर्णयाचा उल्लेख आहेच. तिंदूफजवळच्या छावण्यांत मात्र १९७५-७६ मध्ये आलेल्या निर्वासितांची नातवंडे वाढत आहेत.