रुळांवरून पूल : परवानगीमागचे पदार्थविज्ञान

सोलापूर जिल्ह्यातील दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे बाजारपेठेचे गाव. १८७१ साली रायचूरला जोडल्या गेलेल्या मुंबई–मद्रास लोहमार्गावर ते आहे. अशा गावात रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर भेटले, की तुरीची पोती भरलेला ट्रॅक्टर आणि रुग्णाला घेऊन निघालेली गाडी, दोन्ही फाटकाशी खोळंबतात. मग साहजिकच वाटते, वरून पूल का बांधून टाकत नाहीत? त्याला इतक्या मंजुऱ्या कशाला?

प्रथम फाटक का बंद करावे लागते ते पाहू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद या दराने घटतो असे समजा. थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन) = ७८४ ÷ १ = ७८४ मीटर! समोर अडथळा दिसल्यावर ब्रेक लावून भागत नाही, ते यामुळे.

पूल हवा की नको हेही गणितानेच ठरवतात. दिवसभरातील आगगाड्यांच्या संख्येला रस्त्यावरील वाहनांच्या एककांनी गुणतात. मोटार किंवा बैलगाडी म्हणजे एक एकक, रिक्षा म्हणजे अर्धे. समजा, ५० आगगाड्या, १,८०० मोटारी व बैलगाड्या आणि ८०० रिक्षा आहेत. मग ५० × (१,८०० + ४००) = १,१०,०००. हा गुणाकार एक लाखावर गेला, की रेल्वे व राज्य शासन यांनी खर्च वाटून घेऊन पूल बांधण्यास ते फाटक पात्र ठरते.

यानंतर जागेची संयुक्त पाहणी होते आणि पुलाचा सर्वसाधारण आराखडा रेल्वेकडे जातो. त्यात खांब रुळांपासून किती दूर आहेत, पुढे आणखी रूळ टाकायला जागा उरते का आणि पूल किती उंच आहे, हे तपासतात. या मार्गावर आता २५,००० व्होल्टची विजेची तार आहे. ती रुळांपासून सुमारे साडेपाच मीटर उंच असते. तिच्यापासून सुरक्षित अंतर राहावे, म्हणून पुलाचा तळ साडेसहा मीटरांच्या आसपास ठेवतात.

या उंचीची किंमत जमिनीवर मोजावी लागते. साडेसहा मीटर मोकळी जागा आणि दीड मीटर जाडीची तुळई मिळून ८ मीटर झाले. पोचरस्त्याचा चढ तीसास एक असेल, तर प्रत्येक बाजूला ८ × ३० = २४० मीटर लांबी लागते. उंची एका मीटरने वाढली की दोन्हीकडे तीस-तीस मीटर रस्ता वाढतो, आणि तेवढ्यात कुणाची दुकाने, कुणाची घरे येतात. कमानीला टांगलेला पूल अशा जागी उपयोगी पडतो. भार वरच्या कमानीने पेलल्यामुळे रस्त्याखालची जाडी कमी होते.

उंचीचा मेळ चुकला तर काय होते, ते मुंबईत अंधेरीला दिसले. तेथील नवा गोखले पूल रेल्वेच्या वाढीव उंचीप्रमाणे बांधला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा एक भाग खुला झाला, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्यापेक्षा बराच खाली राहिला होता. तो जॅकने उचलून जोडावा लागला.

शेवटी चालू रुळांवर काम करण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. काम करणारा आणि तपासणारा एकच असू नये, हे त्यामागचे तत्त्व. मग ठरावीक वेळ गाड्या थांबवून आणि तारेतील वीज बंद करून तुळया चढवतात.

आता तुम्ही एक करा. जवळच्या फाटकापासून सुरक्षित अंतरावर, शिक्षकांसोबत उभे राहून तासभर वाहने मोजा आणि वरील गुणाकार करून पाहा. एका तासाचा आकडा चोवीसने गुणला, तर उत्तर बरोबर येईल का? विचार करा.