दात लांब झाले की हिरडी मागे गेली?



थंड पाण्याचा घोट घेतला की दातात सणक जाते. कैरी, चिंच खाल्ली की दात शिवशिवतात. "वय झालं, दात झिजले" असं म्हणून आपण सोडून देतो. पण एकदा आरशात नीट बघा. झिजलेला दात आखूड दिसतो. तुमचा दात पूर्वीपेक्षा लांब दिसत असेल, तर दात वाढलेला नाही. हिरडी मागे सरकलीय.

बांधावरच्या झाडाची माती पावसाने वाहून गेली की मुळं उघडी पडतात. झाड उभं दिसतं, पण त्याची पकड सैल होत जाते. दाताचंही तसंच आहे. दाताच्या वरच्या भागावर कडक, चकचकीत आवरण असतं. मुळावर ते नसतं, म्हणून मूळ उघडं पडलं की थंड, गोड, आंबट लगेच झोंबतं.

हिरडी मागे का सरकते?

पहिलं कारण कीटण. दातांवरचा चिकट थर रोज निघाला नाही की तो दगडासारखा कडक होतो. त्याने हिरडी सुजते, रक्त येतं आणि हळूहळू दाताला धरणारं हाडही झिजतं. यालाच आपण पायोरिया म्हणतो.

दुसरं कारण जोरजोरात घासणं. कडक ब्रश, राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात पांढरे दिसले तरी हिरडी खरवडली जाते.

तिसरं कारण मिश्री. "मिश्रीनं दात बळकट होतात" असं आपण आजीपासून ऐकत आलो. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आतून आजार वाढत असतो, तरी रक्त कमी येतं किंवा येतच नाही. म्हणून मिश्री लावणाऱ्या ताईने "मला रक्त येत नाही, म्हणजे सगळं ठीक" असं समजू नये.

साखरेचा आजार असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात राहत नाही.

घरच्या घरी तपासणी

सकाळच्या उजेडात आरसा घ्या, ओठ बाजूला करा आणि बघा :

१. एखादा दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसतो का?
२. हिरडीजवळ दाताचा रंग पिवळसर आहे का? नख फिरवलं तर खाच लागते का?
३. दोन दातांमध्ये हिरडीजवळ नवी फट दिसते का?
४. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण आहे का?
५. हिरडी लाल, सुजलेली आहे का? घासताना रक्त येतं का? तोंडाला वास येतो का?

डॉक्टरकडे कधी जायचं?

यातलं एक जरी लक्षण दिसलं, तरी महिन्याभरात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखायची वाट बघू नका. हिरडीचा आजार बराच काळ दुखतच नाही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक आहेत का, याची आशाताईंकडे चौकशी करा.

दात हलतोय, हिरडीतून पू येतोय, दातांमधली फट वाढतेय किंवा दात साफ करूनही रक्त थांबत नाही, तर हिरड्यांच्या तज्ज्ञाला दाखवायला हवं. त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात. शासकीय दंत महाविद्यालयात असे तज्ज्ञ असतात. मुळापर्यंत खोल सफाई, हिरडीची छोटी शस्त्रक्रिया किंवा टाळूचा तुकडा घेऊन उघडं मूळ झाकणं, असे उपचार ते करतात.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होतोय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तरी ताबडतोब दाखवा. तो कर्करोगाचा इशारा असू शकतो.

"दात साफ केले की हलतात" हे खरं का?

नाही. कीटणाने भरलेली फट साफ झाल्यावर उघडी दिसते, एवढंच. काही दिवस दात शिवशिवतात, मग बरं वाटतं. मागे गेलेली हिरडी आपोआप परत वाढत नाही, पण आहे तिथे थांबवता येते. म्हणून लवकर जायचं. सुरुवातीला नुसत्या सफाईवर भागतं. उशीर झाला की खर्च वाढतो आणि दातही जातो.

आजपासून काय करायचं?

मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट घ्या. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटं, हलक्या हाताने घासा. रक्त आलं म्हणून घासणं बंद करू नका. मिश्री सुटत नसेल तर १८००-११२-३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर मदत मिळते. गरोदर ताईंनीही हिरड्या सुजल्या तर दाखवावं. गरोदरपण सांगितलं की डॉक्टर त्याप्रमाणे उपचार करतात.

गुरांच्या औषधासाठी, मुलांच्या फीसाठी आपण गटातून अंतर्गत कर्ज घेतो. स्वतःच्या दातासाठी मात्र "बघू पुढं" म्हणतो. चाळिशीतच भाकरी दुधात कुस्करून खायची वेळ येऊ नये, एवढं तरी आपण स्वतःसाठी करूया.

पुढच्या बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गटात किती जणी मिश्री लावतात? कुणाला सोडायची आहे?
२. कुणाच्या आरशात काय दिसलं?
३. तपासणीला एकत्र कधी जायचं? तारीख ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.