लिहून ठेवले म्हणून उरले

आपण आता वाचायला शिकलो. पुष्कळजण मला विचारतात, "गुरुजी, सातबारा वाचता आला, एस्टीची पाटी वाचता आली. पण गाण्यागोष्टींची पुस्तके वाचून काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. त्यासाठी एक खरी हकिगत सांगतो.

जळगावजवळ असोदे नावाचे गाव आहे. तिथे १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. लग्न होऊन त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणीच नवरा वारला. शेतात राबायचे, जाते ओढायचे, चूल सांभाळायची, हेच त्यांचे आयुष्य. पण काम करता करता त्यांना गाणी सुचत. पेरणी, मोट, खोपा विणणारी सुगरण, माणसाचे चंचल मन, सारे त्यात येई. तेही घरच्या खानदेशी बोलीत.

तोंडचे गाणे वाऱ्यावर जायचे. पण त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी. त्यांनी व एका नातलगाने काही गाणी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. पुढे सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. "ही छापलीच पाहिजेत," असा अत्र्यांनी आग्रह धरला. १९५२ साली पुस्तक निघाले.

२०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले. निरक्षर बाईचे नाव विद्यापीठाला!

आता साहित्य काय करते ते पाहा. एका विधवेचे दुःख आणि शहाणपण साऱ्यांचे झाले. दुसऱ्या घरची बाई ते वाचते आणि म्हणते, "अगं बाई, हे तर माझंच!" तिला धीर येतो. नांगर न धरलेल्या शहरी माणसालाही शेतकऱ्याचे कष्ट कळतात. माणसाला माणूस कळला, की समाज जोडला जातो.

माझी आईही जात्यावर ओव्या म्हणे. मी हेडमास्तर. शेकडो पोरांना अक्षरे शिकवली, पण आईची एक ओवी लिहून घेतली नाही. ती गेली, ओव्याही गेल्या. ती रुखरुख अजून जात नाही.

तुम्ही असे करू नका. घरात म्हातारी आई, आजी असेल, तर आज रात्री वही घेऊन तिच्याजवळ बसा. अक्षर वाकडेतिकडे आले तरी चालेल.

प्रश्न
१. बहिणाबाईंची गाणी कशामुळे टिकली?
२. गुरुजींना कशाची रुखरुख वाटते?
३. घरातील एक ओवी किंवा म्हण वहीत लिहा.